तार कुणाची, तक्रार कुणाकडे?

राजगढ म्हटलं की मध्य प्रदेशातला माणूस आधी विचारतो, कोणतं? ब्यावऱ्याजवळचं की धारचं? ब्यावऱ्याजवळच्या राजगढाला स्वतःचा जिल्हा आहे, स्वतःचा कलेक्टर आहे. आपलं राजगढ धार जिल्ह्यातलं, सरदारपूर तहसिलीतलं, मोहनखेड्याच्या जैन यात्रेकरूंना ठाऊक असलेलं. इथे नगर परिषद आहे. पण एसडीएम सरदारपूरला, कलेक्टर धारला, वीज कंपनीचं मुख्यालय इंदूरला आणि केबलच्या दरांचे नियम करणारं ट्राय दिल्लीला. तेव्हा राजगढच्या एखाद्या घरात टीव्हीवर ‘नो सिग्नल’ उमटलं, तर त्यामागे किमान चार गावांचा हात असू शकतो.

आम्हा देवासवाल्यांना याचं नवल वाटत नाही. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे पवारांचे दोन दरबार आम्ही १९४८ पर्यंत नांदवले. कारभार वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता आणि त्या अनुभवाचं पुढे त्याने पुस्तक केलं. बिचाऱ्याच्या गावात दोनच पात्या होत्या. केबलवर देखरेख करणाऱ्या पात्या मोजायला बसला असता तर पुस्तक नव्हे, विश्वकोश झाला असता.

सुरुवात पोस्टापासून. १९९५ च्या केबल कायद्याखाली केबलवाल्याने नोंदणी कुठे करायची? तर मुख्य डाकघरात. पाचशे रुपये भरा, अर्ज द्या, दरवर्षी नूतनीकरण करा. दुसऱ्याचं पत्र उघडायचं नाही हे ज्यांच्या अंगात मुरलेलं, त्या पोस्टमास्तरांवर गावाच्या करमणुकीची नोंद ठेवायची जबाबदारी आली. त्यांनी ती पोस्टाच्या बाण्याला शोभेल अशीच पार पाडली: लिफाफा घेतला, शिक्का मारला, आत काय आहे ते विचारलं नाही.

आत काय आहे ते पाहायचं काम कायद्याने ‘प्राधिकृत अधिकाऱ्या’कडे दिलं, म्हणजे जिल्हाधिकारी, एसडीएम किंवा पोलिस आयुक्त. त्यांना यंत्रसामग्री जप्त करता येते, प्रसारण थांबवता येतं. पाहायचं कशाकडे, याची यादी नियमांत आहे आणि ती वाचनीय आहे. अभिरुचीला सोडून काही नको. मित्रराष्ट्रांवर टीका नको. अंधश्रद्धेला उत्तेजन नको. अर्धसत्य नको.

पैकी मित्रराष्ट्रांच्या बाबतीत आपल्या स्थानिक केबल चॅनेलांचा लौकिक निष्कलंक आहे. भूतानविरुद्ध त्यांनी आजवर अवाक्षर काढलं असेल असं वाटत नाही. अंधश्रद्धेचं प्रकरण जरा नाजूक आहे, कारण पडद्याच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीत गृहक्लेश, सवत आणि परदेशगमन यांचा चोवीस तासांत घरबसल्या बंदोबस्त करणारे गुरुजी असतात आणि चॅनेलचा महिना त्यांच्या दक्षिणेवर चालतो. राहिलं अर्धसत्य. ‘उद्या सकाळी नळाला पाणी येईल’ अशी कोणत्याही नगर परिषदेची सूचना घ्या. ‘पाणी येईल’ हे खरंच असतं. आक्षेप घ्यायचा तर ‘उद्या सकाळी’वर, आणि नियमात अर्ध्याचं अर्ध कुठे बसतं ते लिहिलेलं नाही.

पण खरी गंमत जिल्हा देखरेख समितीची. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलिस अधीक्षक, एखाद्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य, मुलांसाठी आणि महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी, शिवाय शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ. इतकी शहाणी माणसं गावातल्या एका चॅनेलसाठी! समितीने पाहायचं काय, तर स्थानिक बातम्या समतोल आणि निःपक्ष आहेत ना. आणि या समितीचा सदस्य-सचिव कोण? जिल्हा जनसंपर्क अधिकारी. म्हणजे सकाळी ज्याने कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्याची प्रेसनोट चॅनेलला पाठवायची, त्यानेच संध्याकाळी तपासायचं की ती बातमी निःपक्षपणे दाखवली की नाही. मालव्यात याला सोय म्हणतात.

समतोलाची तशी काळजी नको. नगर परिषदेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि विरोधी नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच संगीतावर वाजतात. दोघांचे पैसे आगाऊ आले की समतोल आपोआप साधतो.

आणि या सगळ्यात नगर परिषद कुठे आहे? समितीच्या यादीत तिचं नाव नाही. गावात काय दाखवलं जातं हे जिला गावात बसून दिसतं, तिला त्यावर बोलायची खुर्ची नाही. खुर्च्या धारला, आणि धारच्या टीव्हीवर राजगढचं चॅनेल लागेलच याची हमी कुणी द्यायची? मात्र घटनेने परिषदेला अगदीच उपाशी ठेवलेलं नाही. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा राज्यांचा करमणूक कर त्यात विरघळला, पण एक फट राखली गेली: पंचायत किंवा नगरपालिका यांनी लावून वसूल केला तर करमणूक कर चालेल. थोडक्यात, ज्यांना पाहायचा अधिकार त्यांना ते दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना फक्त पावती फाडायचा अधिकार.

यात प्रेक्षकालाही स्थान आहे बरं का. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने त्याला निवडीचं स्वातंत्र्य दिलं. तेव्हाचा नियम असा: १३० रुपये अधिक अठरा टक्के जीएसटी भरा, शंभर वाहिन्यांची जागा घ्या, त्यापुढे हवी ती वाहिनी हव्या त्या दराने उचला. या भरवशावर धार-देवासच्या मराठी घरांतल्या आजींनी दोन मराठी वाहिन्या मागून पाहाव्यात. केबलवाले भैया म्हणतात, “पॅक में है, काकी.” पॅकमध्ये भोजपुरी निघतं. आजी चार दिवस कुरकुरतात आणि पाचव्या दिवशी भोजपुरी सुनेला सासूने कसं वागवलं ते शेजारी सांगायला जातात.

खांबाविषयी लिहायचं टाळत होतो. खांब वीज कंपनीचा, त्याखालचा रस्ता परिषदेचा, त्यावरचं वारुळासारखं जाळं केबलवाल्यांचं, त्यातल्या निम्म्या तारा अशा की ज्यांचा मालक धंदा सोडून गेला. तार तुटून दारात लोंबकळली की तिघेही एकमेकांचा नंबर देतात. प्राचार्यबाईंना फोन करावा, असं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही.

आता जानेवारी २०२५ पासून पोस्टमास्तरही सुटले. नोंदणी थेट केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर, फी पाच हजार, मुदत पाच वर्षं, आणि क्षेत्र अख्खा देश. राजगढचा केबलवाला कागदोपत्री आता कन्याकुमारीतही जोडणी देऊ शकतो. मागच्या गल्लीत उद्या येतो म्हणाला आहे.