निबंधाचं सुतक

शोधनिबंध नाकारल्याची मेल सहसा रात्री येते. संपादक साता समुद्रापार असतो, त्याला आपल्या झोपेशी काय देणंघेणं! सकाळपर्यंत विभागात बातमी फुटते आणि सहकारी समाचाराला येऊ लागतात. हात हलवत कुणी येत नाही. प्रत्येक जण एकेक नामवंत घेऊन येतो.

पहिला आणतो क्रेब्ज. १९३७ साली 'नेचर'नं त्यांचं सायट्रिक आम्ल चक्रावरचं टिपण परत केलं, कारण सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आधीच पडून होती. १९५३ मध्ये नोबेल! दुसऱ्याकडे हिग्ज असतात. बोस मात्र ज्येष्ठ प्राध्यापकांसाठी राखीव. 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'नं दाद दिली नाही, म्हणून सत्येंद्रनाथांनी १९२४ मध्ये निबंध थेट आइन्स्टाइनना धाडला आणि त्यांनी स्वतः जर्मन भाषांतर करून तो छापून आणला. "तूही असंच कर," असं सर सांगतात. आइन्स्टाइन १९५५ सालीच गेले, ही किरकोळ अडचण.

नाकारला गेला आणि पुढे नावही झालं नाही, असा माणूस मात्र समाचाराला कुणी आणत नाही. अशांची भरती अंमळ जास्त असावी.

आइन्स्टाइनचा १९३६ चा किस्साही या घरी निघत नाही. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नसतात, असा निबंध त्यांनी सहकारी रोझेनसह 'फिजिकल रिव्ह्यू'ला पाठवला. संपादकानं तो परीक्षकाला दाखवला. परीक्षकानं दहा पानी शंका काढल्या. छापण्याआधी परक्या माणसाला दाखवलाच कसा, म्हणून आइन्स्टाइननी तो रागारागानं मागे घेऊन दुसरीकडे दिला. पण परीक्षकाचंच खरं होतं. छापून येण्याआधी निष्कर्ष मुकाट्यानं बदलावा लागला. त्याच लहरी टिपायला आपल्या हिंगोलीत, औंढा नागनाथजवळ वेधशाळा होते आहे. तिच्यासाठी २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. परीक्षक झोपला असता तर?

पण आपला परीक्षक, विशेषतः दुसरा, मूर्खच असतो. त्यानं निबंध वाचलेलाच नाही, यावर घरादाराचं एकमत असतं. 'पुढील पाच निबंधांचा उल्लेख करावा' असं तो लिहितो, पाचही एकाच गृहस्थाचे असतात, आणि तरीही त्याचं नाव गुप्त असतं म्हणे!

कुणी हळूच तोडगा सुचवतो: सकाळी पैसे भरा, संध्याकाळी स्वीकृती. अशा नियतकालिकांत परीक्षकाचा जाच नाही. बढतीच्या फाइलीला तेवढं पुरतं.

मानी माणूस हे ऐकून घेत नाही. तेरावं उरकलं की तो शीर्षक बदलतो, समासाची रुंदी बदलतो आणि निबंध पुढच्या दारी पाठवतो. मग मेलमध्ये पडून असलेला, परीक्षणासाठी आलेला कुणा परक्याचा निबंध उघडतो. सारांशाच्या तिसऱ्या ओळीला थांबतो आणि टंकतो: 'नावीन्य नाही. शिवाय संदर्भसूचीत एक महत्त्वाचं नाव राहून गेलं आहे.'