भुयारकाका

सावेडीतल्या आमच्या गल्लीत कुणाचा व्हिसा आला, की पेढ्यांचा पुडा आधी देवापुढे जातो आणि मग भुयारकाकांकडे. काकांचं खरं नाव पेन्शनच्या पुस्तकात आहे. गल्लीला त्याची गरज पडत नाही. दूरसंचार खात्यात जन्मभर तारा जोडून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता परदेशी निघालेल्या प्रत्येकाला व्हीपीएन निवडून देतात. फुकट, पोह्यांसकट, आणि मागितलं नसलं तरी.

नगरात किल्ल्यापासून थेट चांदबीबी महालापर्यंत भुयार आहे, असं छातीठोक सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक आळीत सापडतो. तो स्वतः त्यात कधी उतरलेला नसतो. काकांनी हे भुयार उचललं आणि इंटरनेटला जोडलं. "हे बघा, तुम्ही परक्या मुलखात हॉटेलात बसलात. तुमचा फोन कुणाकुणाकडे जातोय ते वायफायवाल्याला दिसतं. आता आपण खणलं भुयार. या तोंडानं शिरलात, ते त्या तोंडानं बाहेर. मधल्या माणसाला काय दिसलं? माती!" शेवटचा शब्द ते टीपॉयवर हात आपटून म्हणतात, त्यामुळे बशा हलतात. व्हीपीएनचं याहून सोपं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही, हे कबूल केलं पाहिजे.

फक्त काका स्वतः कधी परदेशी गेलेले नाहीत. पासपोर्टच नाही. "फार माहिती मागतात हो त्यात," असं त्यांचं म्हणणं.

काका मूळचे शनिशिंगणापूरच्या बाजूचे. ज्या गावात घरांना दारं न लावण्याची परंपरा, जिथे युको बँकेनं २०११ साली बिनकुलपाची शाखा काढली, त्या पंचक्रोशीत जन्मून हा माणूस फोनला तीन तीन कुलपं घालत बसतो. गावातल्या भाऊबंदांनी याची कारणमीमांसा करायचं केव्हाच सोडून दिलंय. आणि काकांची गुप्तता तरी कशी? वायफायचा पासवर्ड फ्रीजवर चिकटवलेला, आधार कार्डाची झेरॉक्स किराणा दुकानापासून गॅस एजन्सीपर्यंत सगळीकडे वाटलेली. ऐकू कमी येतं म्हणून फोनवर बोलणं असं, की नातवाच्या ट्यूशनची फी किती हे पाइपलाइन रोडला कळावं. पण कुणी हे दाखवून दिलंच, तर ते शांतपणे म्हणतात, "ती माहिती माणसांकडे गेली. मी कंपन्यांबद्दल बोलतोय."

व्हीपीएन निवडणं हा काकांच्या लेखी लग्न जुळवण्याचा प्रकार आहे. लांबरुंद वहीत तक्ता आखलेला. पहिला रकाना, गाव कोणतं. एक्सप्रेस ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचा, नॉर्ड पनामाचा, प्रोटॉन स्वित्झर्लंडचा, मुलवाद स्वीडनचा. दुसरा रकाना, घराणं. इथे त्यांचा आवाज खाली येतो. "या एक्सप्रेसला २०२१ मध्ये केप नावाच्या कंपनीनं विकत घेतलं. ९३ कोटी डॉलरच्या वर मोजले. आणि केपचं आधीचं नाव काय? क्रॉसरायडर! ब्राउझरमध्ये जाहिराती घुसवण्यासाठी बदनाम झालेलं नाव. माणसानं नाव बदललं म्हणजे घराणं बदलतं का?" समोरच्या पाहुण्याला या सोयरिकीत मुळीच रस नसतो. त्याला फक्त दुबईत व्हॉट्सअ‍ॅप चालेल का, एवढंच विचारायचं असतं.

तिसरा रकाना मात्र खरोखर कामाचा आहे. पहिल्या वर्षाचा भाव आणि नूतनीकरणाचा भाव. दोन वर्षांच्या योजनेवर भरघोस सूट दाखवतात आणि मुदत संपली की कार्डावरून गुपचूप चढ्या दरानं पैसे कापतात, हे काका लाल शाईनं लिहून देतात. तीस दिवसांत पैसे परत, ही सोय तर त्यांनी नगरी बाण्यानं पुरेपूर वापरली आहे. एकेक कंपनी घ्यायची, एकोणतिसाव्या दिवशी परत करायची. गल्लीतल्या प्रत्येकाच्या नावानं एकदा झालं आहे.

मुलवादवर त्यांचा विशेष जीव. महिना पाच युरो, वर्षाचं घ्या नाहीतर महिन्याचं, भाव तोच. नाव विचारत नाहीत, ईमेल विचारत नाहीत, फक्त खाते क्रमांक देतात; पाकिटात घालून पाठवलेल्या नोटासुद्धा चालतात. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कचेरीत गेले आणि ग्राहकांची माहितीच ठेवलेली नसल्यामुळे रिकाम्या हातांनी परतले. ही गोष्ट काका सिंहगड घेतल्याच्या आवेशात सांगतात. तरी स्वतः त्यांनी मुलवाद घेतलेला नाही. "नावच विचारत नाहीत, उद्या भांडायचं कुणाशी?"

फुकट व्हीपीएनचं नाव काढलं, की काका पोह्यांची बशी मागे ओढतात. ओनाव्हो नावाचं असंच एक फुकट अ‍ॅप फेसबुकनं २०१३ मध्ये विकत घेतलं होतं. लोक फोनवर काय काय वापरतात हे त्या भुयाराच्या तोंडाशी बसून फेसबुक पाहत राहिलं, आणि २०१८ मध्ये अ‍ॅपलनं ते आपल्या अ‍ॅपच्या दुकानातून काढायला लावलं. "भुयार खणणाऱ्यालाच आतलं दिसतं, हे लक्षात ठेवा," काका सांगतात. प्रोटॉनच्या फुकट योजनेला तेवढी त्यांची सूट आहे, कारण तिचा खर्च पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकांतून निघतो.

गुप्ततेचा विषय निघाला आणि किल्ल्याचा निघाला नाही, असं होत नाही. १९४२ साली काँग्रेसचे पुढारी नगरच्या किल्ल्यात कोंडले होते. नेहरूंनी तिथे मोठा ग्रंथ लिहिला हे सगळ्यांना माहीत. काकांना प्रिय आहेत ते मौलाना आझाद. त्यांनी कैदेत मित्राला पत्रामागून पत्र लिहिलं आणि त्यातलं एकही तेव्हा बाहेर गेलं नाही. पुढे १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. "एकही पाकीट बाहेर नाही! याला म्हणतात सुरक्षा," काका म्हणतात. पण ती पत्रं ज्याला लिहिली त्यालाही तेव्हा मिळाली नाहीत, ही गोष्ट त्यांना गौण वाटते.

२८ एप्रिल २०२२ ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की आठवते. त्या दिवशी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेनं आदेश काढला, की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, आयपी (म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता) आणि सेवा घेण्याचं कारण पाच वर्षं जपून ठेवावं. नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन सगळ्यांनी भारतातले सर्व्हर उचलले. आता सर्व्हरच्या यादीत 'भारत' दिसतो, पण ते यंत्र बहुतेक सिंगापुरात असतं; पत्ता तेवढा भारताचा. शहराचं अधिकृत नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं तेव्हा सगळी गल्ली त्यावर बोलत होती. काका म्हणाले, "नाव बदललं, आयपी तोच राहिला. सिंगापुरात उलट आहे."

गल्लीतलं एक जोडपं मुलीच्या बाळंतपणाला सहा महिने सॅन होजेला निघालं. आजीबाईंची अट एकच: संध्याकाळच्या मालिका बुडता कामा नयेत. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकलेले असतात, त्यामुळे इथली वर्गणी तिकडे जशीच्या तशी चालत नाही. काकांनी दोन रात्री जागून तक्ता केला, व्हीपीएन घालून दिला आणि इथलं सिम 'सुरक्षित राहावं' म्हणून जुन्या फोनसकट स्वतःच्या कपाटात ठेवून घेतलं. तिकडे पोचल्यावर चित्र असं: कॅलिफोर्नियातून सिंगापूर, सिंगापुरातून मालिका. सून तोंड उघडायची आणि संवाद पुढच्या जाहिरातीत यायचा. चार दिवसांत मालिकावाल्यांनी तो पत्ता ओळखला आणि दार लावलं. त्यांच्या अटींत व्हीपीएन बसतच नाही, हा रकाना काकांच्या तक्त्यात नव्हता.

मग आजोबांना इथल्या बँकेतून पैसे हलवायचे झाले. बँकेच्या अ‍ॅपनं व्हीपीएन पाहिला आणि उघडायलाच नकार दिला. व्हीपीएन बंद केला, तर ओटीपी आला तो काकांच्या कपाटात. त्यानंतर कितीतरी दिवस सकाळी दहाच्या सुमारास काका गच्चीत उभे राहून सॅन होजेला फोन लावत आणि सहाच्या सहा आकडे एकेक करून, दोनदा, खणखणीत आवाजात ओरडत. दूधवाला थांबून ऐकायचा. त्या काळात आजोबांचे व्यवहार गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ होते.

एमआयडीसीतला एक कारखानदार ग्वांगझूच्या कँटन जत्रेला गेला तेव्हा काकांनी त्याच्या फोनमध्ये तीन व्हीपीएन भरले. यामागचं ज्ञान अगदी बरोबर होतं: अ‍ॅपलनं २०१७ मध्ये चीनच्या दुकानातून व्हीपीएन काढून टाकले, तेव्हा घालायचं ते इथूनच घालून जावं लागतं. पण गडी इथलंच सिम रोमिंगवर घेऊन गेला. रोमिंगचा डेटा आपल्याच कंपनीच्या जाळ्यातून फिरतो, म्हणून गूगल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं आपसूक चाललं. परतल्यावर त्यानं हे सांगितलं, तर काका म्हणाले, "व्हीपीएन आत होता ना, त्याची जरब."

दुबईचं प्रकरण मात्र त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. काकांनी सहलीला निघालेल्या शेजारच्या वहिनींना २०२१ चा तिकडचा कायदा वाचून दाखवला: आयपी लपवून गुन्हा केला तर पाच ते वीस लाख दिरहम दंड, म्हणजे आपल्या कोटीच्या वर, किंवा कैद, किंवा दोन्ही. 'गुन्हा केला तर' हे शब्द पोह्यांच्या आवाजात बुडाले असावेत. वहिनींनी मुंबईत विमानात बसताना फोन बंद केला, तो परत येईस्तोवर उघडला नाही. घरचे हवालदिल. नुसता साधा मेसेज टाकायला कुणाचीच हरकत नव्हती.

काकू या सगळ्यात स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असतात. त्या महिला मंडळासोबत सिंगापूर पाहून आल्या आहेत. व्हीपीएन न घेता. हॉटेलच्या वायफायवरून फोटो पाठवले आणि काही झालं नाही. पत्त्याआधी कुलपाचं चित्र असलेलं संकेतस्थळ मुळातच मजकूर गुंडाळून पाठवतं, वायफायवाल्याला फार तर कोणत्या दुकानात शिरलात ते दिसतं, काय घेतलंत ते नाही. हे त्यांना काकांनीच शिकवलं होतं. त्यांनी ते लक्षात ठेवलं, एवढंच. काकू पाहुण्याला विचारतात, "तिथून इथल्या बँकेचं काही काम पडणार आहे का? सिम सोबत न्या. रोमिंग इथूनच चालू करून जा, आलेल्या मेसेजला बहुधा पैसे पडत नाहीत. आणि ऑफिसचं काम असेल तर ऑफिसच व्हीपीएन देईल." एवढं बोलून आत जातात. काका म्हणतात, "तिचं सोडा, तिला तांत्रिक बाजू कळत नाही."

तेव्हा परदेशी निघाला असाल तर भुयारकाकांकडे जरूर जा. तक्ता पाहा, पोहे खा, लाल शाईचा रकाना तेवढा उतरवून घ्या. पण काहीही विकत घेण्याआधी काकूंना भेटा, आणि सिम त्यांच्या घरी ठेवू नका.