लेकुरवाळ्यांनी आधी

आसेगाव म्हटलं की समोरचा विचारतो, कोणतं? आसेगाव पूर्णा अमरावती जिल्ह्यात आहे, आसेगाव पेन रिसोडकडे. आमचं मंगरूळपीर तालुक्यातलं, नावाला शेपूट नसलेलं. एवढा खुलासा होईपर्यंत एस.टी. भरून जाते. म्हणून आम्ही लोक ओळख नंतर सांगतो, जागा आधी धरतो.

जागा धरणं आमच्याकडे कुणी शिकवत नाही, पाहून पाहून येतं. गाडी स्टँडात वळली की तिच्यासोबत पळायचं आणि खिडकीतून दस्ती टाकायची. दस्ती म्हणजे पुण्याकडचा रुमाल. दस्ती नसली तर दुपट्टा, नाही तर टोपी, पिशवी. एका माणसाला पायातली वहाण टाकताना मी पाहिलं आहे. जागा त्याला मिळाली, फक्त तिच्यापर्यंत तो लंगडत गेला. आणि यातलं काहीच हाताशी नसलं तर शेवटी पोट्टं.

हे ऐकीव नाही. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला जाताना मायनं मला स्वतःला चार-दोनदा खिडकीतून आत सोडलं आहे. बाहेरून ती ढकलायची, आतून कुणीतरी अनोळखी माणूस ओढून घ्यायचा. ज्याला स्वतःची जागा मिळालेली असे, त्याच्यात तेवढी माणुसकी असायचीच. आत पडलं की तिघांच्या बाकावर आडवं व्हायचं आणि "माय येऊन रायली, माय येऊन रायली" असा धोशा लावायचा. दस्तीपेक्षा पोट्टं भारी पडे, त्याचं कारण साधं आहे. दस्ती उचलून बाजूला ठेवता येते. रडतं पोट्टं उचललं तर ते तुमच्याच मांडीवर राहतं.

तर अशा घराण्यातले आम्ही चौघं गेल्या दिवाळीनंतर नागपूरहून पुण्याला विमानानं निघालो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची माय, सून, दोन वर्षं चार महिन्यांचा नातू आणि मास्तरकीतून निवृत्त झालेला मी. मुलगा पुण्यात नोकरीला, तिकिटं त्यानंच काढली. अमरावतीच्या बेलोऱ्यावरूनही एप्रिल २०२५ पासून विमान सुरू झालं आहे, पण ते मुंबईचं. शेलूबाजारला समृद्धी महामार्गावर चढलं की नागपूर कसं आलं ते कळत नाही. कळतं ते टोल भरताना.

विमानतळावर एका मुलीनं मायसमोर चाकाची खुर्ची आणली. माय म्हणाली, "मले काय झालं? तूच बस व बाई, उभी राहून राहून थकली असशीन." ती मुलगी खरंच थकलेली होती. ती हसली, बसली मात्र नाही.

मग ती घोषणा झाली. हिंदीत झाली, इंग्रजीत झाली. "काय म्हणते ते?" मायनं विचारलं. "लेकुरवाळ्यांनी आधी या म्हणते." मायनं पदर सावरला, नातवाला माझ्या हातातून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. साठ वर्षं जे काम धक्काबुक्की करून केलं, त्यासाठी आज माइकवरून बोलावणं आलं होतं. तिची चाल बदलली होती.

आमच्या मागं आणखी दोन कुटुंबं आली. त्यातल्या एकाचं 'लहान मूल' चौदा-पंधरा वर्षांचं असावं, ओठावर मिसरूड होतं. आईनं त्याचा दंड घट्ट धरला होता, म्हणजे ते हरवेल अशी भीती दिसावी.

वयाबद्दल कुणाला बोलायचा मला अधिकार नाही म्हणा. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला म्हणजे सहा वर्षं पूर्ण, या मोजमापानं मी पहिलीत दाखल झालो आणि गुरुजींनी जन्मतारीख लिहिली १ जून. माझ्या पिढीचं अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं आहे. एस.टी.चाही जन्म एक जूनचाच. १ जून १९४८ ला तिची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. फरक एवढाच की तिची तारीख खरी आहे. गाडीत पाच वर्षांच्या आतलं लेकरू फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर सहाचं झालेलं पोट्टं कंडक्टरसमोर चारचंच राही. कंडक्टरही एकदा पोट्ट्याकडं, एकदा आईकडं पाहून पुढं सरके.

विमानाला हे चालत नाही. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर, आणि त्यासाठीही जन्माचा दाखला काढून दाखवा. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र खुर्ची, स्वतंत्र तिकीट. आमचा नातू चार महिन्यांनी चुकला. आमची चौकडी आसेगावच्या गाडीत बसली की माय फुकट, कारण ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना तिकीट नाही. सून अर्ध्यात, कारण मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं भाडं. नातू फुकट. सबंध घरात पूर्ण तिकिटाचा धनी मी एकटा. विमानात चौघेही पूर्ण. सुनेला मी हे म्हणालो तर ती म्हणाली, "बाबा, निदान इथं सगळे सारखे आहेत." हे तिनं सांत्वन म्हणून सांगितलं की टोमणा म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

तर आम्ही दिमाखात, सगळ्यांच्या आधी, दारातून बाहेर पडलो. आणि बाहेर उभी होती बस.

विमान लांब उभं होतं म्हणे. आम्ही पहिले, म्हणून बसमध्ये पार पलीकडच्या अंगाला गेलो. मग मागून सगळं गाव चढलं. बस हलली, विमानापाशी थांबली, आणि जे शेवटी चढले होते ते दाराशी असल्यामुळे आधी उतरले. आमच्या बाजूचं दार उघडलंच नाही. लेकुरवाळे आम्ही विमानाच्या शिडीशी पोचलो तेव्हा आमच्यामागं फक्त एक सुरक्षारक्षक होता आणि त्याला कुठंही जायचं नव्हतं. मिसरूडवालं बाळ केव्हाच वर गेलं होतं.

मायनं विचारलं, "नंबर हाय ना जागेले?"

"हाय."

"मंग हे कायले पळून रायले?"

या प्रश्नाचं उत्तर मला आत गेल्यावर मिळालं. भांडण जागेचं नसतंच. डोक्यावरच्या फळीचं असतं. खुर्चीला नंबर आहे, फळीला नाही, म्हणून एस.टी.च्या खिडकीतली सगळी लढाई विमानात दोन हात वर सरकली आहे. सात किलोची म्हणून आणलेली बॅग दोघांनी मिळून उचलताना पाहिली की किलोवरचाही विश्वास उडतो.

अमेरिकेत साउथवेस्ट नावाची विमान कंपनी आहे, टेक्सासची. १९७१ पासून तिची विमानं उडतात आणि पन्नासहून जास्त वर्षं तिच्या खुर्च्यांवर नंबरच नव्हते. आत जा, मोकळी दिसेल तिथं बसा. म्हणजे आपली एस.टी.च, फक्त खिडकी उघडत नाही. सहा वर्षांपर्यंतची लेकरं असलेल्यांना तिथं पहिल्या गटाच्या मागून आणि दुसऱ्या गटाच्या आधी सोडत. लोक शेजारच्या खुर्चीवर कोट टाकून, पुस्तक ठेवून जागा धरत आणि त्यावरून भांडत. आधी चढता यावं म्हणून चाकाची खुर्ची मागणारे आणि उतरताना तरातरा चालत जाणारे इतके निघत की अशा फेऱ्यांना लोक चमत्काराच्या फेऱ्या म्हणू लागले. शेवटी २७ जानेवारी २०२६ पासून त्या कंपनीनं खुर्च्यांना नंबर दिले. मला जरा वाईट वाटलं. इतक्या लांब आपलं कुणीतरी होतं, तेही सुधारलं. युनायटेड नावाच्या दुसऱ्या कंपनीनं तर २०१२ मध्ये लेकुरवाळ्यांना आधी सोडणंच बंद केलं होतं आणि तिथल्या आईबापांनी मोठी ओरड केली होती.

विमान लवकर कसं भरावं यावर जेसन स्टेफन नावाच्या एका खगोलशास्त्रज्ञानं २००८ मध्ये रीतसर गणित मांडलं. आकाशातले ग्रहतारे पाहणाऱ्या माणसाला विमानाच्या दारात ताटकळण्याचा इतका वैताग यावा, हे मला फार आवडतं. त्याचं म्हणणं असं की खिडकीवाल्यांना आधी सोडा, तेही एकाआड एक रांगेतल्यांना, मग मधले, मग वाटेकडचे, म्हणजे कुणी कुणाच्या आड येत नाही. हिशेब चोख आहे. पण तो काटेकोर पाळायचा तर खिडकीचं लेकरू आधी एकटं आत जाईल आणि त्याची माय दोन फेऱ्यांनंतर पोचेल. पोहरादेवीच्या गाडीत आम्ही दुसरं काय करत होतो?

आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांना बजावलं की एकाच तिकिटावर असतील तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापांपैकी निदान एकाच्या शेजारी बसवा. हे सांगावं लागलं याचंच नवल. एस.टी.त आईपासून लेकरू तोडायचं कुणाच्या मनात आलं तरी अख्खी गाडी उठेल.

लेकुरवाळीसाठी नियम वाकत नाही तेव्हा काय होतं, ते महाराष्ट्राला हिरकणीनं सांगून ठेवलं आहे. सूर्य मावळला, रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, आणि दूध विकायला आलेली ही बाई कडा उतरून गेली. तिथं महाराजांनी बुरूज बांधला अशी आख्यायिका आहे. आज एस.टी.ची निमआराम गाडी तिच्या नावानं धावते आणि स्टँडावर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो. दारावरचा कुणी त्या संध्याकाळी हळूच म्हणाला असता, 'लेकुरवाळ्यांनी आधी निघा', तर तिला कड्याकडं जावंच लागलं नसतं. विमानाचं दारही सुटायच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी बंद होतं आणि मग तिथला पहारेकरीही कुणाचं ऐकत नाही. तिथं कडा नाही, एवढंच.

परतीच्या वेळी पुण्यात बस नव्हती. नळीसारख्या पुलावरून थेट विमानात. घोषणा झाली, आम्ही खरोखरच पहिले आत गेलो, फळी अख्खी आमची. मायला कृतार्थ वाटलं. नातवाला खिडकी मिळाली. आणि मग आमच्या लक्षात आलं की पहिलं बसणं म्हणजे बाकीचं सगळं विमान भरेपर्यंत बसणं.

दोन वर्षांच्या पोट्ट्याला अडीच फुटांच्या जागेत पाऊण तास बसवून पाहा. खिडकीचं झाकण वर, खाली, वर, खाली. पुढचं फळकुट उघड, लाव, उघड. पट्ट्याची कळ टक् टक्. संकटात काय करावं हे सांगणारा चित्रांचा पुठ्ठ्यासारखा कागद त्यानं कोपऱ्यातून खाल्ला. येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो "टाटा" म्हणत होता, पहिल्या वीस जणांनी उलट टाटा केला, पुढच्यांनी माझ्याकडं पाहिलं. पुढच्या खुर्चीला लाथ बसली तेव्हा मी पुढच्या माणसाची माफी मागितली, दुसऱ्यांदा मागितली, तिसऱ्यांदा झोपेचं सोंग घेतलं.

सुनेनं एक बाटली जपून ठेवली होती. विमान उतरताना आतल्या हवेचा दाब वाढतो, लहान मुलांच्या कानातली नळी अरुंद, ती चटकन मोकळी होत नाही म्हणून कान दुखतात, आणि घोट गिळत राहिलं की ती उघडते. म्हणून पाणी उतरतानाचं. ती बाटली जमिनीवरच संपली. बिस्किटं संपली. गोष्टी संपल्या. विमान हललं तेव्हा नातू मोठ्यानं म्हणाला, "उतलायचं."

वाटेपलीकडच्या खुर्चीवर साठीचे एक गृहस्थ होते. पट्टा सोडायची खूण झाली तशी त्यांनी काही न विचारता हात पुढं केले, पोट्टं उचललं, मांडीवर घेतलं आणि स्वतःच्या घड्याळाचा पट्टा त्याच्या हाती दिला. सून पाच मिनिटं डोळे मिटून बसली. सबंध प्रवासात तिला मिळालेली सोय ती तेवढीच, आणि तिची घोषणा कुणी केली नव्हती.

"कोणतं गाव?" गृहस्थांनी विचारलं.

"आसेगाव."

"कोणतं?"

मी खुलासा करायला घेतला. विमानात वेळ भरपूर असतो.

नागपूरला उतरताना सून म्हणाली, "बाबा, पुढच्या वेळी त्यांनी बोलावलं तरी आपण शेवटी जाऊ. पोट्टं तोवर बाहेर पळून दमेल." मला पटलं. मी तर म्हणतो, घोषणा अशी हवी की लेकुरवाळ्यांनी पाहिजे तर आधी यावं, पाहिजे तर शेवटी, आणि त्यांच्या बॅगेपुरती फळी कुणी भरू नये. यात कंपनीचा एक पैसा जात नाही.

मायला मात्र पटलं नाही. नागपूरहून कारंजा, कारंजाहून मंगरूळपीर असे आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलला होता. आसेगावची गाडी फलाटाला लागत होती. मी सामान मोजतोय तोवर माय पुढं झाली, खिडकीशी गेली, कमरेची दस्ती काढली आणि आत टाकली. मग दुसऱ्या खिडकीतून पिशवी. मग नातवाकडं वळली.

गाडीत आमच्याशिवाय चार माणसं होती.