जेवणाआधी अर्धा तास

इसबगोल पाण्यात पडल्यापासून पिण्याजोगा राहतो तो वेळ फार थोडा असतो. चमचाभर भुसा पेल्यात टाकला की आधी वर तरंगतो, ढवळला की बुडाल्यासारखं करतो, आणि नेमकी तेवढ्यात दाराची बेल वाजते. दारात सिलिंडरवाला उभा. त्याला ओटीपी सांगायचा, सुटे पैसे शोधायचे, नवा सिलिंडर आत सरकवायचा आणि ओट्यापाशी परत यायचं, तर पेल्यात पाणी म्हणावं असं काही उरलेलं नसतं. पेला उलटा धरला तरी आतला ऐवज बाहेर यायची घाई करत नाही. लहानपणी पतंगाला लावायची खळ याहून पातळ असे, आणि ती प्यायची सक्ती कुणी करत नसे.

भूक आटोक्यात राहावी, माणसाने दोन घास कमी खावेत आणि वजन उतरावं, यासाठी जेवणाआधी अर्धा तास भरपूर पाण्यातून इसबगोलासारखे विद्राव्य तंतू घ्यावेत, असं सध्या आमच्या देहूरोडात बहुतेक सगळ्यांचं मत आहे.  तत्त्व मला मान्य आहे. तक्रार आहे ती अंमलबजावणीबद्दल.

पहिला प्रश्न अर्ध्या तासाचा. जेवणाआधीचा अर्धा तास नेमका कधी सुरू होतो, हे जेवायला बसल्यावरच कळतं. साडेआठला जेवण म्हणून आठला पेला रिकामा करावा, तर सव्वाआठला हाक येते, "अहो, पानं वाढलीत, गार होतंय." दुसऱ्या दिवशी शहाणपणाने पावणेआठलाच घ्यावा, तर कुकरची शिट्टी बिघडलेली असते, मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत असतं आणि ताट साडेनऊला येतं. मग डोस पुन्हा घ्यायचा की नाही? डब्यावर याचं उत्तर नाही. डब्यावर हसऱ्या, सडपातळ बाईचा फोटो आहे. तिच्या घरी जेवण वेळेवर होत असावं.

दुसरा प्रश्न गोळ्यांचा. इसबगोल आणि इतर औषधं यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा असं सांगतात, कारण हा चिकट गोळा औषधालाही धरून ठेवतो. पन्नाशीनंतर घरात औषधांशिवायचे दोन सलग तास कुठून आणायचे? उठल्याउठल्या थायरॉईडची गोळी, तीही उपाशीपोटी. मग अर्धा-पाऊण तास चहाकडे नुसतं बघायचं. नाश्त्याबरोबर साखरेची, त्यानंतर रक्तदाबाची. या सगळ्यांतून इसबगोलाला जागा काढली तर ती थेट कामावर जातानाच्या लोकलच्या डब्यात निघते.

लोकलमध्ये इसबगोल घेणं हा खाजगी व्यवहार राहत नाही. आकुर्डी सुटल्यावर बाटलीत भुसा टाकून हलवायला लागलो की समोरचा विचारतो, "काका, ताक?" खरं सांगितलं की चिंचवडपर्यंत तीन उपाय मिळतात: मेथ्या भिजवून खा, जवस भाजून खा, सब्जा घ्या. पिंपरीला कुणाच्या तरी मेहुण्याने चौदा किलो उतरवलेले असतात. कासारवाडीला तो मेहुणा परत वाढलेला असतो. तोवर बाटलीत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शिवाय यावर पाणी भरपूर प्यायचं असतं, ही अट गंमत म्हणून घातलेली नाही. कमी पाण्यात घेतलेला भुसा घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. गिळायला त्रास असणाऱ्यांनी आणि आतड्याचा अडथळा असणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊच नये. म्हणून मी पाणी पितो. पुणे-लोणावळा लोकलला शौचालय नसतं. पुढचं लिहीत नाही.

सुरुवातीचे दिवस पोट फुगतं, म्हणून मात्रा हळूहळू वाढवा, असाही सल्ला असतो. तो अगदी बरोबर आहे. फक्त ते दिवस आणि कार्यालयातली बंद खोलीतली, एसी चालू असलेली आढावा बैठक एकाच आठवड्यात येऊ नये, एवढी व्यवस्था कुणी तरी करायला हवी होती.

आता या सगळ्याचा उपयोग काय? निष्कारण बदनामी करायची नाही, म्हणून जे आहे ते सांगतो. पाण्यात फुगणारे हे तंतू जठरात दाट लगदा करतात, त्यामुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि जेवणातली साखर रक्तात सावकाश उतरते. पित्तातली आम्लं ते स्वतःबरोबर बाहेर नेतात, मग नवं पित्त करायला यकृताला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलाच्या डब्यांवर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबद्दल लिहायला परवानगी दिली, ती याच जोरावर. त्यासाठी दिवसाला त्यातले ७ ग्रॅम विद्राव्य तंतू पोटात जावे लागतात. बद्धकोष्ठाबद्दल तर मी बोलायलाच नको, आजोबांच्या पिढीचा अनुभव आहे.

वजनाचं काय, असं विचारलं की भाषा सावध होते. युरोपीय संघाने २०१२ साली ग्लुकोमॅनन नावाच्या तंतूला वजन उतरवण्याचा दावा करायची मुभा दिली. हा तंतू कोंजाक या कंदातून काढतात, आणि तो कंद आपल्या सुरणाच्याच कुळातला आहे. अट अशी: दिवसातून तीन वेळा १-१ ग्रॅम, जेवणाआधी एक-दोन पेले पाण्याबरोबर, आणि कमी उष्मांकांच्या आहाराच्या जोडीने. म्हणजे कमी जेवायचं आणि शिवाय पावडर घ्यायची. कमी जेवून वजन उतरतं हे मला पावडरीविनाही सांगणारे लोक आहेत. ते माझ्या घरातच राहतात.

पैशाचं म्हणाल तर तिथेही मला थोडं बोलायचं आहे. इसबगोल पिकतो राजस्थानात आणि गुजरातेत, सोलला जातो ऊंझा आणि सिद्धपूरला, आणि त्यातला मोठा वाटा परदेशात जातो. तिकडे त्याला नारंगीची चव लावतात, झाकणाला मोजमापाचा चमचा जोडतात, मग आमची पुतणी तो डबा बॅगेत घालून मोठ्या प्रेमाने काकासाठी आणते. सिद्धपूर इथून एका रात्रीच्या गाडीवर आहे. डबा मात्र दोन समुद्र ओलांडून आला.

गवारीची गोष्ट याहून वाईट. गवारीच्या बियांतून ग्वार गम निघतो, तोही विद्राव्य तंतूच. आइस्क्रीम दाट करायला लागतो, तेलविहिरी खोदायलाही लागतो. २०१२ साली अमेरिकेतल्या विहिरींसाठी त्याला एवढी मागणी आली की भाव कुठल्या कुठे गेले आणि मार्चमध्ये वायदेबाजारातले त्याचे व्यवहार थांबवावे लागले. त्याच ग्वार गमच्या वजन उतरवणाऱ्या गोळ्या अमेरिकेत त्याआधी वीस-पंचवीस वर्षं निघाल्या होत्या. त्या लोकांच्या अन्ननलिकेत फुगून अडकल्या आणि सरकारने त्या बाजारातून उठवल्या. इतकं कर्तृत्व असलेली ही भाजी. आमच्याकडे गवार केली की तंतूंची वाट न बघताच सगळ्यांची भूक मरते. डब्यातली पावडर मात्र घरातल्या प्रत्येकाने एकदा चमचाभर घेऊन बघितली आहे.

पण या पावडरीचा खरा दोष वेगळाच आहे. ती पोटाशी बोलते. पोटाला ती गप्प करते हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. देहूरोडात खाणं पोटाला विचारून होत नाही, ही माहिती तिला कुणी दिलेली नाही.

ही छावणीची वस्ती. डेपो आणि आयुध कारखान्यामुळे देशभरातली माणसं इथे येऊन राहिली आणि प्रत्येक जण आपापले सण घेऊन आला. शेजारून पोंगलला पोंगल येतो, लोहडीला रेवड्या येतात. २५ डिसेंबरला एका घरातून केक येतो. त्याच तारखेला १९५४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्यामुळे त्या दिवशी विहाराकडे माणसांची रीघ लागते, पाहुणे घरी उतरतात आणि पाहुण्यांबरोबर बसून खावंच लागतं. या कुठल्याही ताटावर "मी अर्ध्या तासापूर्वी तंतू घेतले आहेत" हे उत्तर चालत नाही. मी देऊन पाहिलं. "मग थोडंच घ्या," असं म्हणून दुप्पट वाढतात.

पलीकडे देहू. त्यामुळे एकादशीला आमच्या घरात सगळे उपास करतात, म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी आणि रताळ्याचा कीस करतात. साबुदाण्यात तंतू औषधालाही सापडत नाहीत. एकादशी नि दुप्पट खाशी, हे कुणा आहारतज्ज्ञाने सांगितलेलं नसून निरीक्षणातून आलेलं आहे. आणि तुकोबांची पालखी देहूतून निघून अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी आरती घेऊन चिंचोली, देहूरोड, निगडी करत आकुर्डीला जाते, त्या दिवशी तर रस्ताभर केळी, चहा आणि राजगिऱ्याचे लाडू वाटपाला असतात. आम्ही वाटणारे. वाटणाऱ्याने आधी खायचं नसतं. पालखी पुढे गेल्यावर उरलेलं मात्र त्यालाच संपवावं लागतं. प्रसाद टाकणार कुठे?

भाताबद्दलही सांगतो. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झालं आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आलं. तो भात शिजत असताना जिन्यापर्यंत वास येतो. त्याच्याशी सामना करायला ऊंझ्याहून भुसा मागवला आहे, हे सामर्थ्याचं गणितच मुळात चुकलेलं आहे.

दीक्षित डॉक्टर म्हणतात दिवसातून दोनदाच जेवा, आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर थोड्या थोड्या वेळाने खायला सांगतात. आमच्या घरात दोन्ही पंथांचे लोक असल्याने दोनदा जेवण होतं आणि थोड्या थोड्या वेळाने खाणंही होतं. २०२५ पासून वजन उतरवायला आठवड्याला एक टोचायची इंजेक्शनंही मिळायला लागली आहेत, पण त्यांचा भाव ऐकून वेगळ्या प्रकारे भूक गेली. इसबगोल त्यामानाने स्वस्त आहे आणि सुई नाही, म्हणून तो चालू ठेवला आहे. कोलेस्टेरॉल थोडं उतरलं आहे, सकाळ सुखाची जाते. काटा जिथे होता तिथे आहे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी स्पष्ट सांगितलं आहे, "काका, तो पेला तुमचा तुम्ही घासा." वाळलेला इसबगोल स्टीलला कसा धरतो ते ज्याने घासलं आहे त्यालाच माहीत, गरम पाण्यात भिजत घातला तर तो नव्याने फुगतो.

तेव्हा लोणावळ्याहून परतताना देहूरोडला आमच्याकडे डोकावणाऱ्या सर्व आप्तेष्टांना विनंती आहे की, येताना चिक्की आणू नये. फारच वाटलं तर काजूची आणावी, ती मुलं संपवतात. शेंगदाण्याची आणू नये. आणायचीच असेल तर निदान अर्धा तास आधी फोन करावा.