घरूनकर

सातारकर साताऱ्याचे, वाईकर वाईचे, तसा आमच्या वरच्या मजल्यावरचा घरूनकर घरूनचा. दारावरच्या पाटीवर वेगळं आडनाव आहे. पण मार्च 2020 मध्ये हिंजवडीच्या कंपनीने त्याला लॅपटॉप देऊन घरी धाडलं, तेव्हापासून कोथरूडमधली आमची सोसायटी त्याला याच नावाने ओळखते. हल्ली कंपनी अधूनमधून बोलावते, पण आडनाव एकदा चिकटलं की चिकटलं.

घरूनकर रोज नऊ तास राबतो, असं त्याचं म्हणणं आहे. माझ्या पाहण्यात चार तास तो काम करतो आणि उरलेले पाच तास कामाचा ताण घालवतो. हे दुसरं काम जास्त मेहनतीचं.

सुरुवात टोमॅटोने झाली. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकात स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून अभ्यासाची पद्धत काढली. 25 मिनिटं काम, 5 मिनिटं विश्रांती. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचं नावही तेच. हे सगळं त्याने मला जिन्यात अडवून सांगितलं, माझ्या हातातली दुधाची पिशवी ठिबकत असताना. नऊ तासांत अठरा टोमॅटो होतात. म्हणजे अठरा विश्रांत्या, आणि घरात माणूस विश्रांतीला जाणार कुठे? स्वयंपाकघरात. दिवाळीच्या चिवड्याचा डबा भाऊबीजेलाच तळाला गेला. ‘‘अरे, ऑफिसला जायचास तेव्हा एकदाच जेवायचास,’’ असं म्हणत त्याच्या आईने टायमर तांदळाच्या डब्यात पुरलं. आतल्या आत ते एकदा किणकिणलं, मग गप्प झालं.

मग डोळ्यांना आराम. दर 20 मिनिटांनी, 20 फूट लांबच्या वस्तूकडे, 20 सेकंद बघायचं. नियम उत्तम आहे, डोळ्यांचे डॉक्टरही सांगतात. पण आमच्या फ्लॅटात बिल्डरने वीस फूट सलग कुठेच दिलेले नाहीत. खिडकीतून मोजून वीस फुटांवर येतं ते समोरच्या बी विंगचं स्वयंपाकघर. तिथल्या काकूंनी चौथ्या दिवशी पडदा लावला आणि सहाव्या दिवशी काकांनी सेक्रेटरींना पत्र दिलं. आता घरूनकर पाण्याच्या टाकीकडे बघतो.

टाकीवरून आठवलं. भ्रामरी प्राणायाम तो गॅलरीत करतो. छाती भरून श्वास, आणि मग सोडताना जो गुंजारव सुरू होतो, तो ऐकून पहिले दोन दिवस वॉचमन मोटार बंद करायला धावला. तिसऱ्या दिवशी मोटार खरोखरच चालू राहिली आणि वॉचमन म्हणाला, ‘‘असू दे, साहेबांचं चाललंय.’’ टाकी वाहून पार्किंगमध्ये पाणी.

शवासन मात्र मी स्वतः पाहिलंय. डोळे मिटलेले, सगळं अंग सैल, फक्त उजव्या हाताची तर्जनी जमिनीवर ठेवलेल्या माउसवर. पाच मिनिटं माउस हलला नाही तर नावाशेजारचा हिरवा ठिपका पिवळा होतो आणि साहेबांना कळतं. त्यामुळे बाकीचा देह शांत आणि तर्जनी नोकरीत.

त्याची बायकोही घरूनच काम करते, पण तिला कोणी घरूनकरीण म्हणत नाही. ती डायनिंग टेबलाच्या कोपऱ्यावर, एका बाजूला लॅपटॉप, दुसऱ्या बाजूला निवडायची मेथी. मी विचारलं, तू गं काय करतेस ताणाचं? ‘‘म्यूट,’’ ती म्हणाली. बटण दाबून तिने पडद्यावरच्या साहेबांना असं काही ऐकवलं की आमच्या वार्षिक सभेतही मी तसं ऐकलेलं नाही. मग बटण पुन्हा दाबून गोड आवाजात, ‘‘येस, शुअर.’’ आणि मेथी पुढे चालू.

घरूनकरचं खरं दुखणं मला उशिरा कळलं. 2022 च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला जुना पूल मध्यरात्रीनंतर स्फोटाने पाडला. सगळं पुणं टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवत होतं आणि हा एकटा गप्प. त्या पुलाखाली कंपनीच्या बसमध्ये त्याने रोज अर्धा-पाऊण तास काढलेला. ‘‘काका,’’ तो म्हणाला, ‘‘तिथे मला कोणी काही मागत नव्हतं हो. साहेबांना वाटायचं घरी निघालाय, घरच्यांना वाटायचं अजून ऑफिसात आहे. दोन आशा भोसले आणि एक डुलकी, एवढं व्हायचं.’’

परवा रात्री आठला कचरा टाकायला खाली गेलो, तर पार्किंगमध्ये त्याच्या गाडीत अंधुक उजेड. इंजिन बंद, पट्टा लावलेला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. काही होतंय का म्हणून घाबरून काच वाजवली. त्याने ती दोन बोटं खाली घेतली. आत आशाबाई गात होत्या.

‘‘काका, वर सांगा ना,’’ तो हळूच म्हणाला, ‘‘चांदणी चौकात आहे. वीस मिनिटांत पोचतो.’’