टक्का आणि टक्केवारी

'२०२४ वायआर४' हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांवर गेली. धोक्याच्या पट्ट्यात अरबी समुद्र होता, म्हणून मुंबईचं नाव गाजलं. पनवेलचं कुणी काढलंच नाही. फ्लॅट विकताना आम्ही मुंबईला खेटून असतो. उल्का पडायची म्हटली की रायगड जिल्हा!

गंमत म्हणजे टक्का चढला तोही निरीक्षणं सुधारली म्हणूनच. संभाव्य मार्गाचा पट्टा आक्रसत गेला, तरी पृथ्वी आतच राहिली. आणखी आक्रसल्यावर ती बाहेर पडली आणि फेब्रुवारी संपायच्या आत धोका जवळजवळ शून्यावर आला. चुकायची शक्यता आधीच छापून द्यायची, हा प्रकार आमच्याकडे नवीनच.

पळस्प्याहून कोकणात उतरणाऱ्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. तिथे फक्त तारखा जाहीर होतात. टक्केवारी जाहीर करायची पद्धत नाही. साठेक मीटरचा दगड आठ वर्षांनी कुठे असेल, याचं गणित मांडता येतं. गणपतीला निघालेला चाकरमानी मात्र विचारतोय, 'भाऊ, पहाटे सुटलो तर दुपारपर्यंत माणगाव गाठेन ना?'