दोन जीबीचे ड्रायव्हरसाहेब

बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त साधून. ही झाली सरकारी तारीख. ड्रायव्हरसाहेबांना विचाराल तर ते चष्मा पुसत म्हणतील, "आपल्याकडं कधीचीच चालू आहे की." माडीवरच्या खोलीत, कूलरशेजारच्या कॉम्प्युटरवर त्यांनी नगर ते परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग केव्हाच टाकून ठेवला होता. भूसंपादन नाही, मोर्चा नाही, रेल्वे बजेटकडे डोळे लावून बसणं नाही.

ड्रायव्हरसाहेब म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. असा एक इसम आष्टीत सापडतो, एक अंबाजोगाईत, आणि बीडमध्ये शोधलंत तर दोन-चार सहज निघतील. दिवसा तो पतसंस्थेत कॅशियर असतो, मेडिकल चालवतो, नाहीतर पोरांना लसावि-मसावि शिकवतो. रात्री जेवण झालं की इंजिनात चढतो. खऱ्या इंजिनात त्यानं जन्मात पाय ठेवलेला नसतो. पुण्याला जायचं तर ट्रॅव्हल्सनंच जातो. बोलणं मात्र ऐकून घ्यावं. पुतणीचं लग्न "ठरलंय, पण आउटरला उभं आहे." जेवायच्या वेळी खालून बायकोनं हाक मारली की वरून उत्तर येतं, "डबल यलो लागलाय, आलोच." ऐकून ऐकून त्या माउलीलाही पाठ झालंय, की डबल यलोनंतर एक पिवळा, मग लाल, आणि तोवर आमटीवर साय.

माणूस हौशी असला तरी कामात चोख. ब्रेक पाइपात पाच किलो दाब आल्याशिवाय गाडी जागची हलवणार नाही. डिझेल इंजिनाच्या आठ नॉच, त्या एकेक करत चढवायच्या. पहिलीवरून थेट आठवीवर गेलेल्या एका पोराला त्यांनी खोलीतून हाकलून दिलं, आणि तो पोरगा सख्खा पुतण्या होता. हा पुतण्या पुढं पुन्हा येणार आहे.

या खेळाचं मूळ मायक्रोसॉफ्टच्या २००१ सालच्या ट्रेन सिम्युलेटरात. त्यात अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रिया, जपान इथले मिळून सहा मार्ग होते. त्यांत आमचं कडा, अंमळनेर, रायमोह कुठून असणार? पण स्वतःचा मार्ग टाकायची सोय होती. पुढं जगभरच्या हौशी लोकांनी ओपन रेल्स नावाचं फुकट सिम्युलेटर केलं, त्यातही हे जुने मार्ग धावतात. दोन-दोन किलोमीटरचे जमिनीचे चौकोन जोडत, त्यावर रूळ, मोऱ्या, बाभळी मांडत ड्रायव्हरसाहेब पुढं सरकत राहिले. आष्टी-पाटोद्याचा पट्टा भराभर उरकला. दुष्काळी तालुक्याचा एवढा एकच फायदा, झाडंच नाहीत त्यामुळं कॉम्प्युटरवर ताण नाही. एकदा चुकून हवामानात बर्फ निवडला गेला आणि रायमोहात हिमवर्षाव झाला. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "कापसाचं नुकसान झालं असंल रे."

अडलं ते बीडच्या आउटरला. गाडी शहराजवळ आली की चित्र थिजायचं आणि मेमरी संपल्याचा निरोप झळकायचा. गल्लीत बातमी फिरली, गाडी अडकली. कट्ट्यावरच्यांनी निदान केलं, "निधी आला नसंल." निदान उगाच नव्हतं. खऱ्या मार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हाचा खर्च ३५३ कोटी, तो वाढत वाढत ४,८०५ कोटींवर गेला, आणि तरी प्रवासी गाडी आष्टीला पोचायला २०२२ चा सप्टेंबर उजाडला.

ड्रायव्हरसाहेबांनी निधीच ओतला. चार जीबीची आठ केली, आठाची सोळा. दुकानदार म्हणाला, "सर, आता पट्टी बसवायला जागाच नाही राहिली." गाडी तरी तिथंच, दोन जीबी झाले की बसकण. सोळा जीबी असून गाडी दोनच का खाते, या चिंतेनं त्यांची झोप गेली. उत्तर असं की प्रोग्राम ३२ बिटचा. त्याला मोजता येतील असे पत्ते मुळात चार जीबीपुरतेच, आणि त्यातला निम्मा विंडोज स्वतःकडे राखून ठेवतं. म्हणजे घरचं रान सोळा एकर, पण सातबाऱ्यावर नाव दोनच एकरावर, बाकीचं पडीक. फेरफाराची सोय मात्र आहे. प्रोग्रामच्या फाइलीत एक खूण असते, मोठे पत्ते झेपतात असं सांगणारी. ती लावली की ६४ बिटच्या विंडोजवर चारच्या चार जीबी पदरात पडतात. ओपन रेल्सच्या त्या आवृत्तीत तर त्यासाठी सेटिंगमध्ये एक साधी चौकट होती, आणि ती टिक करूनच ठेवा अशी सूचनाही होती.

साहेबांच्या कॉम्प्युटरवर ती टिक काढलेली होती. कुणी काढली? पुतण्या तेव्हापासून मामाकडं जालन्याला राहायला आहे.

टिक लागली, गाडी बीडमध्ये शिरली, आणि शिरल्या शिरल्या पुन्हा गचकली. आता तपास बारकाईनं झाला. कंकालेश्वर मंदिर निर्दोष, खजाना विहीर निर्दोष. मेमरी खात होते ते बॅनर. साहेबांनी हौसेनं चौकाचौकांत वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक उभे केले होते, मोबाइलनं काढलेल्या फोटोंचेच. एकेकावर वीस-वीस चेहरे आणि चेहऱ्यागणिक मिशी मोजता येईल इतकं स्वच्छ चित्र. बॅनर उतरवणं हा तांत्रिकदृष्ट्या दोन मिनिटांचा इलाज. पण बीडमध्ये कुणाचा बॅनर कुणी उतरवायचा? त्यांनी चेहरे पुसट केले. दोन दिवसांत एक कार्यकर्ता माडीवर येऊन विचारून गेला, "साहेब, आमचेच दादा धूसर का दिसायलेत?"

तुम्ही म्हणाल, नवं सिम्युलेटर घ्यावं. विकत मिळणाऱ्या दुसऱ्या एका ट्रेन सिम्युलेटरची ६४ बिटची आवृत्ती २०१८ मध्येच आली, तिला ही दोन-चार जीबीची कुंपणं नाहीत. साहेबांना ते ठाऊक आहे. पण त्यात बीड नाही, आणि बीड नसलेली रेल्वे त्यांच्या वडिलांनी जन्मभर बघितली.

खरी गाडी आली त्या दिवशी ते स्टेशनावर गेले होते. लोक पेढे वाटत होते, हे फलाटाची लांबी पावलांनी मोजत होते. रात्री घरी येऊन त्यांनी आपला फलाट दुरुस्त केला. बीड ते परळीचं खरं काम अजून चालू आहे, यांची गाडी वडवणी, तेलगाव करत परळीला लागलेलीसुद्धा आहे. त्यामुळं आता लोक निवेदनं घेऊन माडी चढतात. आमच्या वस्तीवर एक हॉल्ट टाका, फाटकाऐवजी भुयारी मार्ग द्या. साहेब प्रत्येकाला मेमरीचं गणित समजावतात आणि विचाराधीन म्हणून वहीत लिहून घेतात.

परवा बायकोनंच पाणी देता देता विषय काढला. तिचं माहेर सिरसाळ्याच्या अलीकडच्या वाडीत.

"अहो, आमच्या वाडीला थांबा द्या की."

"बसत नाही. मेमरी भरली."

"दादांचा एक बॅनर काढा."

साहेबांनी तांब्या खाली ठेवला, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हळू बोल, खाली कट्टा बसलाय."